घर बाईचे, हशा पुरुषांचा

पुणे शहरात भाड्याची खोली शोधीत हिंडणाऱ्या अविवाहित पुरुषाकडे घरमालक ज्या नजरेने पाहतो, ती नजर संशयिताकडे पाहणाऱ्या जमादाराच्या नजरेहून फारशी निराळी नसते. आणि या एका नजरेपायी मराठीतील एका अतिशय लोकप्रिय चित्रपटाची सारी उलाढाल घडून आली आहे. २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटात धनंजय माने नावाचा एक दुकानातला नोकर, त्याचा धाकटा भाऊ शंतनू, आणि त्यांच्या आश्रयाला येऊन पडलेले सुधीर व परशुराम असे चौघे जण विश्वासराव सरपोतदारांच्या जागेतून निघतात, आणि अखेर लीलाबाई काळभोर या विधवा गृहस्वामिनीच्या दारी येऊन ठेपतात. बाईंची अट एकच, आणि तीही रास्त: जागा मिळेल ती जोडप्यांना. चौघांत बायको एकाचीही नाही. तेव्हा सुधीर हा धनंजयची पत्नी सुधा होतो, परशुराम हा शंतनूची पत्नी पार्वती होतो, आणि पुढचे दोन-अडीच तास महाराष्ट्रातील आबालवृद्ध हसत राहतात. आज तीन पिढ्या एका खोलीत बसून हा चित्रपट पाहतात व पुढचे वाक्य पात्राच्या आधी म्हणून दाखवितात. सहकुटुंब पाहण्याच्या विनोदी चित्रपटाला याहून मोठी सनद कोणती असणार?

अशा सर्वमान्य चित्रपटात स्त्रिया कोठे आहेत, त्यांना काय करण्याची मुभा आहे, आणि कोणाचे जग त्यात आले आहे व कोणाचे आलेले नाही, असे प्रश्न विचारू लागले, की रसिक मनुष्य किंचित कपाळाला आठ्या घालतो. विनोदाची चिरफाड केली म्हणजे विनोद मरतो, अशी एक समजूत आहे. हा विनोद मात्र इतका काटक आहे, की तीनशे वेळा पाहूनही जो मेला नाही तो एका लेखाने मरेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रथम त्या अटीकडेच पाहू. १९४७ सालच्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने कुळाला मोठे संरक्षण दिले. एकदा आत आलेले कूळ बाहेर काढणे ही वर्षानुवर्षे चालणाऱ्या कज्जाची बाब झाली, आणि म्हणून मालकाचा सारा अधिकार उंबरठ्यावर येऊन थांबला. ज्याला काढता येणार नाही त्याला घेतानाच पारखून घ्यावे, हा शिरस्ता पडला. या पारखीत विवाहित पुरुष उजवा ठरतो, तो त्याच्या अंगच्या गुणांमुळे नव्हे. त्याची पत्नी ही त्या व्यवहारात जामीन असते: ती आहे म्हणून तो वेळेवर घरी येईल, भाडे बुडवणार नाही, आळीतल्या मुलींकडे पाहणार नाही, असे गृहीत धरले जाते. तेव्हा चित्रपटातील चौघांनी जे केले ते कायद्याच्या परिभाषेत सांगायचे तर एवढेच, की जामीन मिळेना तेव्हा त्यांनी जामिनाचा दस्तऐवजच बनावट तयार केला. लुगडे, कुंकू, बांगड्या आणि डोक्यावरचा पदर ही त्या दस्तऐवजावरची मोहोर. स्त्रीत्व म्हणजे समाजाच्या दफ्तरी दाखल करावयाचे एक प्रमाणपत्र आहे, ही गोष्ट एखाद्या समाजशास्त्रज्ञाने दोनशे पानांत सांगितली असती. येथे ती कोणालाही न दुखावता मध्यंतराच्या आत सांगून होते.

आता या कथेतील स्थावर-जंगमाची मोजदाद केली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. घर आहे लीलाबाईंचे. धनंजय ज्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात चाकरी करतो ते दुकान आहे माधुरीचे; अश्विनी भावे यांनी रंगविलेली ही मालकीण नोकराला फैलावर घेते, त्याच्यावर जीवही जडविते, आणि दोन्ही गोष्टी मालकिणीच्या रुबाबात करते. नायकाच्या वरच्या खुर्चीवर नायिका बसलेली आहे व त्याबद्दल कथेला काडीचीही तक्रार नाही, असे दृश्य त्या काळच्या मराठी पडद्यावर फारसे सुलभ नव्हते. उलट चारही पुरुष अर्जदार आहेत; कोणी जागेसाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी दोन वेळच्या अन्नासाठी दुसऱ्याच्या दारी उभा. एक सरपोतदार तेवढे मालकीहक्काचे पुरुष, आणि त्यांना सुधीर जोशी यांनी इतक्या अफाट चिडखोरपणाने उभे केले आहे, की मालकी ही पुरुषाला मुळीच मानवत नाही असा निष्कर्ष काढावासा वाटतो.

मालमत्तेच्या उताऱ्यावर स्त्रियांची नावे आहेत. मग हशाच्या उताऱ्यावर कोणाची आहेत? या चित्रपटाविषयी मला जे काही म्हणावयाचे आहे ते या एका प्रश्नात आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे, कारण ही कथा मुळात मराठी नाही आणि तिच्यातील सोंग मात्र अस्सल मराठी आहे.

कथेची वंशावळ अशी. शैलेश दे यांच्या बंगाली कथानकावरून हृषिकेश मुखर्जी यांनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात विश्वजीत आणि केश्तो मुखर्जी लुगडी नेसले व मेहमूद त्यांचे पुढारी झाले. तो चित्रपट विशेष चालला नाही. बावीस वर्षांनी सचिन पिळगांवकर यांच्या दिग्दर्शनाखाली, किरण शांताराम यांच्या निर्मितीत आणि वसंत सबनीस यांच्या लेखणीतून तो पुण्यात अवतरला, आणि पुढे तेलुगू व पंजाबी भाषांतही हे कथानक पोहोचले. कलकत्त्याचे बी पुण्याच्या मातीत एवढे का फोफावले, याची कारणे पुष्कळांनी दिली आहेत: अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांची जोडी, सबनिसांचे संवाद, इत्यादी. त्यांत मी एक व्याकरणाचे कारण जोडू इच्छितो.

बंगाली भाषेत क्रियापदाला लिंग नाही. पुरुषाने ‘मी जातो’ म्हटले काय किंवा स्त्रीने ‘मी जाते’ म्हटले काय, बंगालीत शब्द तेच राहतात. सर्वनामही स्त्रीपुरुषांना एकच. इंग्रजीतही प्रथमपुरुषी बोलणाऱ्याचे लिंग वाक्यातून उमटत नाही. म्हणजे बंगाली किंवा इंग्रज सोंगाड्याने आवाज पातळ केला व पदर सावरला, की त्याचे काम भागले. भाषा त्याच्याविरुद्ध साक्ष देत नाही. मराठीत तसे नाही. ‘आलो’, ‘बसतो’, ‘विसरलो’, ‘दमलो’ या प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक चुगलखोर स्वर बसलेला असतो आणि तो क्षणात भांडे फोडतो. सुधा व पार्वती यांना नुसते स्त्रीसारखे दिसून चालत नाही. त्यांना प्रत्येक वाक्यात, प्रत्येक क्रियापदात, श्वासागणिक स्त्री व्हावे लागते. शंतनू आपल्या तथाकथित पत्नीची ओळख करून देताना घाबरून ‘बायको’ या शब्दाला पुल्लिंगी सर्वनाम व पुल्लिंगी विशेषण जोडून बसतो. त्या एका लिंगदोषावर मराठी माणूस आज पस्तीस वर्षांहून अधिक काळ हसत आहे, आणि तो विनोद कोणत्याही अनुवादकाला बंगालीत परत नेऊन दाखविता येणार नाही.

या ठिकाणी जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. कोल्हापूरकडच्या कित्येक मुली व बाया ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असेच बोलतात आणि त्यात त्यांच्या स्त्रीत्वाला काही बाधा येत नाही. एखादी कोल्हापूरकर बाई लीलाबाईंच्या जागी असती, तर पार्वतीच्या तोंडून निसटलेले पुल्लिंगी क्रियापद ऐकून तिने संशय घेण्याऐवजी ‘तू आमच्याकडची काय गं?’ म्हणून चौकशी केली असती. स्त्रीने कसे बोलावे याचा जो नियम आपण निसर्गाचा समजतो, तो पुष्कळदा एखाद्या जिल्ह्याचा असतो.

सोंगाच्या वंशावळीकडे वळल्यावर मात्र आपण थेट घरात येतो. मराठी रंगभूमीने आपली उत्तमोत्तम नायिका पुरुषांच्या देहातून घडविली हे सर्वविश्रुत आहे. भाऊराव कोल्हटकरांनंतर १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या लुगड्याची, अंबाड्याची व चालण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत असत. म्हणजे स्त्री कशी असावी हे एक पुरुष दाखवीत होता व स्त्रिया त्याबरहुकूम होत होत्या. पडद्याचीही तीच कथा. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, अखेर एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली, आणि चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये त्यांनीच राम व सीता अशी दोन्ही कामे करून दांपत्याचा खर्च निम्म्यावर आणला. त्याच १९१३ साली फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. दार उघडले ते तेथून. रंगभूमीवर ते उघडायला आणखी वीस वर्षे लागली. १९३३ सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या तेव्हा शिष्टसंमत नाटकातील स्त्रीपार्टीचे युग मावळू लागले होते.

आता एक योगायोग पाहा. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी बालगंधर्वांना पुरुषवेषात, संत एकनाथांच्या भूमिकेत, उभे केले. ज्याने आयुष्यभर स्त्री रंगविली त्याचे लुगडे शांतारामबापूंनी उतरविले. पुढे १९८८ साली, म्हणजे बालगंधर्वांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, शांतारामबापूंच्याच चिरंजीवांनी, किरण शांताराम यांनी, दोन पुरुषांना लुगडी नेसविली. योगायोगातून अर्थ काढू नये हे मला मान्य आहे. परंतु हा सांगण्याचा मोह आवरत नाही.

मराठीत स्त्रीवेषी पुरुषाच्या परंपरा दोन आहेत, आणि या चित्रपटाचे मर्म असे, की त्याने दोन्ही परंपरा एकाच घरात भाड्याने ठेवल्या. एक परंपरा बालगंधर्वांची: लालित्याची, खालच्या मानेची, सोंग आहे हे विसरायला लावणारी. दुसरी तमाशाच्या गौळणीतील मावशीची: ती मुळी विसरू देतच नाही, तिचा पुरुषी आवाज, तिची आडदांड चाल आणि कृष्णाशी होणारी तिची हुज्जत हेच तिचे भांडवल. सुधा ही पहिल्या घराण्यातली. सचिनने तिला नाजूक, लाजरी व विश्वसनीय केले आहे. पार्वती ही दुसऱ्या घराण्यातली. लक्ष्मीकांत बेर्डे लुगडे नेसले तरी लुगड्याला शेवटपर्यंत त्यांची सवय होत नाही. ज्या वसंत सबनिसांनी १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहून तमाशाची बतावणी पांढरपेशा प्रेक्षकांच्या गळी उतरविली, त्यांनाच ही पटकथा लिहावयास मिळाली हे तिचे भाग्य. विजय चव्हाण यांनी गाजविलेली ‘मोरूची मावशी’ही याच सुमारास रंगभूमीवर धिंगाणा घालीत होती, तिचे मूळ १८९२ सालच्या ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी नाटकात असले, तरी आचार्य अत्र्यांनी तिला मराठीत आणल्यावर ती गौळणीतल्या मावशीचीच सख्खी बहीण झाली.

मघाशी टाकून ठेवलेल्या प्रश्नाकडे आता येतो. या चित्रपटातील हशाचा ताळेबंद मांडला तर त्यातील बहुतेक सर्व जमा पुरुषांच्या खाती आहे, आणि विशेष हे, की त्यातील मोठा भाग पुरुषांनी स्त्री होऊन मिळविलेला आहे. चित्रपटात खऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत: माधुरी, मनीषा, सुषमा, कमळी आणि लीलाबाई. त्या देखण्या आहेत, नीटनेटक्या आहेत, कथानकाला वळण देतात, फसविल्या जातात, रुसतात. त्यांना हास्यास्पद होण्याची मुभा मात्र जवळजवळ नाही. पार्वती घसरून पडू शकते, अधाशासारखी खाऊ शकते, पदर कोठे आहे हे विसरू शकते, कारण ती पुरुष आहे. सुषमेने तसे केले असते तर ते असभ्य ठरले असते. विनोदी चित्रपटात वेडगळ दिसण्याचा अधिकार ही फार मोठी इस्टेट आहे, आणि तिची वाटणी या घरात झालेलीच नाही.

हे त्या अभिनेत्रींच्या कुवतीमुळे घडले, असे कोणी म्हणेल तर ते पुराव्याला धरून होणार नाही. यातल्याच सुप्रिया पिळगांवकर यांनी पुढे १९९४ साली दूरदर्शनवरील ‘तू तू मैं मैं’ या हिंदी मालिकेत रीमा लागू यांच्याबरोबर सासूसुनेच्या भांडणाचा जो धुमाकूळ घातला, त्याने सारा देश हसला. आणि त्या मालिकेचे दिग्दर्शक तेच सचिन पिळगांवकर होते. म्हणजे अभिनेत्री तीच, दिग्दर्शक तेच, फक्त मधल्या सहा वर्षांत कोणीतरी तिच्यासाठी विनोद लिहिला. कुवत होती; लिखाण नव्हते.

पाश्चात्त्य देशांत अशा गोष्टी मोजण्याची पद्धत पडली आहे. अॅलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीने १९८५ साली आपल्या चित्रमालिकेतील एका पात्राच्या तोंडी एक नियम घातला, की ज्या चित्रपटात निदान दोन स्त्रिया आहेत, त्या एकमेकींशी बोलतात, आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर असते, तोच चित्रपट आपण पाहावा. थट्टेने सांगितलेला हा नियम पुढे कसोटी म्हणून रूढ झाला. अभिनेत्री जीना डेव्हिस यांनी आपल्या लहान मुलीबरोबर मुलांचे कार्यक्रम पाहताना मुलींची वानवा पाहिली व २००४ साली मोजदादीसाठी एक संस्थाच काढली. त्या संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अकरा देशांच्या पाहणीत बोलणाऱ्या पात्रांपैकी स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के भरले. भारतीय चित्रपटांत ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास होते. या जीना डेव्हिस बाईंचा पहिला चित्रपट १९८२ सालचा ‘टूट्सी’, म्हणजे नोकरी मिळत नाही म्हणून स्त्रीवेष घेणाऱ्या नटाचीच गोष्ट, हे कळल्यावर मला त्या आकड्यांविषयी निराळीच आपुलकी वाटू लागली.

आता ही मोजपट्टी घेऊन लीलाबाईंच्या घरात शिरावे, तर पहिल्याच पायरीवर अडचण उभी राहते. पार्वती कोणत्या रकान्यात लिहावयाची? ती लीलाबाईंशी गर्भारपणाविषयी बोलते तेव्हा दोन स्त्रिया पुरुषाखेरीज अन्य विषयावर बोलत आहेत, की एक पुरुष एका स्त्रीला फसवीत आहे? लीलाबाईंच्या बाजूने पाहिले तर पहिले खरे, प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर दुसरे. पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग आठवावा. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, झोपाळा, भोवती गाणाऱ्या बायका. आपल्या संस्कृतीतील अगदी स्त्रियांचा असा हा सोहळा, ज्यात पुरुषाने डोकावूही नये असा संकेत, आणि त्याच्या मध्यभागी एक अस्वस्थ पुरुष बसलेला. येथे हसू येते ते गर्भारपणाला नव्हे. हसू येते त्या पुरुषाच्या फजितीला, ज्याला स्त्री होण्याची किंमत हप्त्याहप्त्याने चुकवावी लागत आहे. वेषांतराच्या पुष्कळ विनोदांत स्त्रीची कुचेष्टा असते. येथे ती जवळजवळ नाही, हे या चित्रपटाच्या बाजूने नोंदविलेच पाहिजे.

‘टूट्सी’तला नट मात्र स्त्री होऊन काही शिकतो, पुरुष स्त्रियांशी कसे वागतात हे त्याला प्रथमच दिसते व तो शरमतो. आपले सुधीर आणि परशुराम काहीही शिकत नाहीत. लुगडे उतरले की ते होते तसेच. उपदेशाचा एकही शब्द नसणे हे या चित्रपटाच्या दीर्घायुष्याचे एक कारण आहे हे खरे, परंतु इतके दिवस सून होऊन राहिलेल्या माणसाला सुनेच्या जिण्याविषयी एखादे साधे वाक्यही सुचू नये, हे मला दरवेळी थोडे खटकते.

वेषांतरासाठी कोणती स्त्री निवडावी हाही विचार करण्यासारखा विषय आहे. १९९३ सालच्या ‘मिसेस डाउटफायर’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा एक घटस्फोटित बाप आपल्याच मुलांची वयस्क ब्रिटिश दाई होतो. त्याच्याच छायेतील ‘अव्वै षण्मुगी’ या १९९६ सालच्या तमिळ चित्रपटात कमल हासन ब्राह्मण पद्धतीचे लुगडे नेसलेली मामी होतात, आणि पुढच्याच वर्षी हिंदी ‘चाची ४२०’मध्ये त्या मामीच्या जागी कोण येते? नऊवारी नेसलेल्या लक्ष्मी गोडबोले! सोंग घेणारा माणूस नेहमी त्याच स्त्रीचा वेष घेतो जिच्याकडे मुले व किल्ल्या निःशंकपणे सोपवाव्यात असे त्या समाजाला वाटते; आणि हिंदी पडद्याला ती विश्वासार्हता एका मराठी ब्राह्मण बाईच्या काष्ट्यात दिसली. वेष हा नुसता स्त्रीचा कधीच नसतो, तो एखाद्या जातीचा, वयाचा व प्रांताचा असतो.

हाच धागा धरून वैविध्याविषयी दोन शब्द. ‘बनवाबनवी’चे जग मध्यमवर्गीय मराठी हिंदू घरांचे आहे, माने, काळभोर, सरपोतदार ही आडनावे वाचली की त्या जगाचा नकाशा कळतो. पुण्यात त्या काळीही पूर्व भागातील मुसलमान वस्ती होती, कँपातील पारशी व ख्रिस्ती होते, दलित वस्त्या होत्या, मारवाडी व गुजराती पेढ्या होत्या. परंतु हे चौघे जागा शोधीत हिंडतात ते पुणे निराळे. प्रत्येक चित्रपटाने सर्व शहर दाखवावे असा आग्रह मी धरणार नाही, तो कलेवर जुलूम होईल. तथापि एक गोष्ट मनातून जात नाही. जागा नाकारण्याचे जे कारण या कथेत आहे ते अविवाहितपणाचे. ते तात्पुरते असते, लग्न केले की मिटते, आणि लुगडे नेसले तरी मिटते, म्हणून तो विनोद होऊ शकला. जात विचारून, धर्म विचारून, मांसाहार करता काय असे विचारून जागा नाकारण्याचा प्रघातही आपल्या शहरांत आहे, आणि आडनाव सांगताच दुसऱ्या टोकाला पसरणारी शांतता ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो ठाऊक आहे. त्या भाडेकरूनेही नाव बदलून, सोंग घेऊन जागा मिळविली असे कथानक रचले, तर तीन पिढ्या एका खोलीत बसून तशाच हसतील काय? मला वाटते, पहिल्या अर्ध्या तासात खोलीत चुळबूळ सुरू होईल.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९९१ साली ‘माहेरची साडी’ने थिएटरे अश्रूंनी भिजविली आणि पुरुषांनी हसवावे, स्त्रियांनी रडवावे ही वाटणी काही वर्षांपुरती पक्की झाली. २००४ साली केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा’मध्ये नायकाला स्त्रियांच्या मनातले ऐकू येऊ लागले; येथे पुरुषाने लुगडे न नेसता कान उघडले, ही प्रगतीच म्हणायची, जरी ऐकणारा नायक तोच राहिला. मग २०२१ साली हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ आला. निरनिराळ्या वयांच्या सात बायका इंग्लंडच्या सहलीला निघतात, आणि त्यांत निर्मिती सावंतांसारखी अभिनेत्री अडखळते, बावचळते, खिदळते, पोटभर वेडगळपणा करते. पुरुष सांभाळतो तो सामान आणि वेळापत्रक. दोन वर्षांनी ‘बाईपण भारी देवा’त सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी फुगड्या घालू लागल्या तेव्हा गावोगावच्या बायका नटूनथटून, गजरे माळून, गटागटाने चित्रपटगृहांत गेल्या व तो मराठीतील सर्वाधिक उत्पन्न मिळविणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसला. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक पुरुष आहेत. लेखन मात्र पहिल्याचे इरावती कर्णिक यांचे व दुसऱ्याचे वैशाली नाईक यांचे आहे. पडद्यावर स्त्रीला हास्यास्पद होता यावे यासाठी आधी लिहिण्याच्या मेजाशी स्त्री बसावी लागते काय, याचा कायमचा निवाडा दोन उदाहरणांवरून करता येणार नाही. पण सध्या तरी कौल त्या बाजूचा आहे.

‘बनवाबनवी’ मी पुढेही पाहणार आहे, आणि त्यातल्या प्रसंगांना पुढेही हसणार आहे. फक्त अलीकडे माझी नजर पार्वतीवरून सरकून लीलाबाईंकडे जाते. घर तिचे, अट तिची, डोहाळजेवणाचा खर्च तिचा, आणि सबंध कथेत जी एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे ती ठाऊक नसलेलीही तीच. नयनतारा यांनी ती भूमिका फार मायेने केली आहे. ही सर्व हकिकत लीलाबाईंच्या बाजूने, तिच्या घरात चार अपरिचित माणसे काय काय उद्योग करीत होती याचा तिला हळूहळू येत गेलेला अंदाज, तिने मुद्दाम केलेला काणाडोळा आणि तिने मनातल्या मनात घेतलेली मजा यांसकट, कोणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. विनोद लिहिता येणाऱ्या एखाद्या बाईने ती अवश्य लिहावी.